स्टारड्यू व्हॅलीतला पहिला वसंत

शेती म्हटलं की आपल्याकडे आधी पावसाची काळजी आठवते, मग भावाची, मग सोसायटीच्या हप्त्याची. त्यामुळे दिवसभर काम करून दमलेली माणसं रात्री संगणकावर शेती करतात आणि त्यातून त्यांना निवांत वाटतं, हे पहिल्यांदा ऐकताना चेष्टाच वाटते. पण ‘स्टारड्यू व्हॅली’ या एकाच शेतीच्या खेळाच्या २०२४ च्या अखेरीपर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. हा खेळ मन शांत करतो तो नेमका कसा आणि ती शांतता कुठे बिघडते, हे त्यातल्या पहिल्या हंगामातून क्रमाने पाहू. व्हिडिओ गेम कधीच खेळला नसला तरी अडणार नाही.

हा खेळ एका माणसाने बनवला. एरिक बरोन याने २०११ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात संगणकशास्त्राची पदवी घेतली. नोकरी मिळेना, म्हणून हात साफ राहावा यासाठी त्याने एक छोटा खेळ लिहायला घेतला. प्रोग्रॅमिंग, चित्रं, संवाद, संगीत, सगळं त्याचंच. या कामात साडेचार वर्षं गेली आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाजारात आला. त्याच्यासमोर नमुना होता तो जपानी ‘हार्वेस्ट मून’चा. गावाकडून टोकियोला आलेल्या यासुहिरो वाडा यांनी तो १९९६ मध्ये आणला होता. मारामारी आणि शर्यतींच्या त्या काळात पिकांना पाणी घालण्याचा खेळ कोण खेळणार, असं कोणालाही वाटलं असतं.

आधी खेळ मिळवण्याबद्दल. तो संगणकावर चालतो, टीव्हीला जोडायच्या गेमिंग यंत्रांवर चालतो, आयफोन आणि अँड्रॉइडवरही चालतो. एकदा विकत घेतला की पुढे तो जाहिरात दाखवत नाही, की ‘इतके रुपये भरा म्हणजे पीक लवकर येईल’ असंही म्हणत नाही. फुकट मिळणाऱ्या शेतीच्या खेळांत नेमकं हेच असतं. शांततेसाठी खेळायचं असेल तर या एका बाबतीत काटकसर करू नका. खेळ मराठीत नाही, पण त्यातलं इंग्रजी सोपं आहे. लहान मोबाइलवर बोट भलत्याच चौकोनावर पडतं. घरात टॅबलेट असेल तर तो घ्या.

सुरुवातीला शेताचा नकाशा निवडावा लागतो. नदीकाठचं शेत चित्रात फार देखणं दिसतं आणि नवखे लोक तेच उचलतात. मग कळतं की निम्म्या जागेत पाणीच आहे आणि पेरायला जमीन तुकड्यातुकड्यांत. पहिल्या वेळी यादीतलं पहिलं, ‘स्टँडर्ड’ नावाचं साधं शेत घ्या.

त्यानंतर गोष्ट सुरू होते. अंथरुणाला खिळलेले आजोबा नातवाला, किंवा आपण निवडलं असेल तर नातीला, एक बंद पाकीट देतात आणि फार थकवा आला की मगच उघड म्हणतात. काही वर्षांनी तो नातू ‘जोजा’ नावाच्या अवाढव्य कंपनीत, ओळीने मांडलेल्या टेबलांपैकी एका टेबलाशी बसलेला दिसतो. तो पाकीट फोडतो. आत आजोबांच्या शेताचा कागद असतो. पेलिकन टाऊन या छोट्या गावात बसमधून उतरलं की सरपंच लुईस आणि सुतारकाम करणारी रॉबिन भेटतात. प्रस्तावना एवढीच.

पहिल्या दिवशी सकाळी ६ वाजता घरात एक भेट ठेवलेली असते: पार्सनिपच्या १५ बिया. पार्सनिप म्हणजे गाजराच्या जातीचा पांढरट कंद. खिशात ५०० गोल्ड, म्हणजे खेळातलं चलन. पिशवीत कुऱ्हाड, टिकाव, कुदळ, विळा आणि झारी. कुदळीने जमिनीचा चौकोन उकरा, बी टाका, झारीने पाणी घाला. इतकं केलं की त्या दिवसाची शेती संपली.

पहिली चूक इथेच होते. शेत दगड, ओंडके आणि गवताने भरलेलं असतं आणि ते बघून आपल्याला आजच्या आज सगळं साफ करावंसं वाटतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक उभी पट्टी असते, ती म्हणजे अंगातली ताकद. सुरुवातीला ती २७० असते. कुदळीचा किंवा झारीचा प्रत्येक वापर त्यातून साधारण २ घेतो आणि एक झाड पाडायला बरेच घाव लागतात. पट्टी पार शून्यावर आली की आपला शेतकरी पाय ओढत चालू लागतो आणि दुसऱ्या दिवशी निम्म्याच ताकदीने उठतो. पट्टी पाव उरली की अवजारं खाली ठेवा आणि गावात फेरफटका मारायला जा. शेत तसंच राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही.

पहिल्या दोन दिवसांत लाकडाची पेटी मात्र बनवून घ्या. तिला लाकडाचे ५० तुकडे लागतात. पिशवीत फक्त १२ वस्तू मावतात आणि ती भरली की काय फेकायचं या विचारात अर्धा दिवस जातो.

आता घड्याळ. हा खेळ समजायचा तर हे घड्याळ समजलं पाहिजे. खेळातली १० मिनिटं आपली साधारण ७ सेकंद. सकाळी ६ ते रात्री २ असा खेळातला दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांत संपतो. आपण पिशवी किंवा यादी उघडून बसलो, तर एकट्याने खेळताना घड्याळ थांबतं. म्हणजे विचार करायला कितीही वेळ घ्या, दिवस खर्च होतो तो फक्त हालचालीला. चौदा मिनिटांत मोठं काही बिघडवता येत नाही आणि एखादी गोष्ट पुरी करायला ती पुरतात. पाणी घातलं, दोन कोबी काढले, कोणाला तरी एक फूल दिलं, झोपलो. ऑफिसातल्या दिवसाला असा काठ नसतो. तिथलं काम संध्याकाळी फक्त थांबतं.

घराशेजारी झाकणाची एक मोठी पेटी असते. विकायचा माल तिच्यात टाकायचा. रात्री झोपलं की लुईस तो नेतो आणि सकाळ होण्याआधी पडद्यावर हिशेब येतो: शेतमालाचे इतके, मासळीचे इतके, रानातून वेचून आणलेल्याचे इतके. पार्सनिपचं बी २० गोल्डला मिळतं, ४ दिवसांत कंद तयार होतो आणि ३५ गोल्डला जातो. एक विका की हजार, भाव ३५च. दर्जा चांगला निघाला तर थोडे जास्त.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य वाचून हसू येईल. आवक वाढली की भाव कोसळतो हे बाजाराचं सगळ्यात जुनं दुखणं खेळाने सरळ काढून टाकलं आहे. वाहतूक नाही, हमाली नाही, अडत नाही, व्यापाऱ्याची उधारी नाही. माझं मत विचाराल तर या खेळातली शांतता शेतातून फारशी येत नाही. ती या ठरलेल्या ३५ गोल्डमधून येते. केलेल्या कष्टाचं किती आणि कधी मिळणार हे आधीच माहीत असणं, ही चैन शेतकऱ्यालाच काय, पगारदारालाही क्वचित मिळते.

समजा एक दिवस पाणी घालायचं विसरलात. काही होत नाही. पीक मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही एवढंच. ही सवलत किती मोठी आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. जून २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आला तेव्हा तिथल्या पिकाला खऱ्या घड्याळाचे तास लागत. वेळेत परत येऊन काढणी केली नाही तर पीक करपून जाई. लोक मीटिंगमधून उठून, रात्री गजर लावून पीक काढायला येत. तो खेळ ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. स्टारड्यू व्हॅली बंद करून आपण महिनाभर फिरकला नाहीत, तरी परत आल्यावर शेत जिथे सोडलं तिथेच, त्याच सकाळी उभं असतं. खेळ आपल्याला हाका मारत नाही.

वसंताच्या ३ तारखेला पहिल्या वर्षी हमखास पाऊस पडतो. घरातल्या टीव्हीवर आदल्या दिवशी हवामान सांगतात आणि तो अंदाज खरा ठरतो. (इथेही हसायला हरकत नाही.) पावसाच्या दिवशी झारी हातात घ्यायची गरज नसते. संगीत थांबून नुसता पावसाचा आवाज येत राहतो. सगळा दिवस मोकळा मिळतो आणि तो कशासाठी वापरायचा याची सक्ती नसते. पुढे झारी सुधारायला लोहार क्लिंटकडे द्याल तेव्हा हाच अंदाज उपयोगी पडतो. ती दोन दिवसांनी परत मिळते, म्हणून उद्या पाऊस असेल तर आज पाणी घालून झाल्यावर ती द्यायची.

पाचव्या दिवशी पहिलं पीक हातात येतं आणि दुसरी, जास्त महागात पडणारी चूक घडते. हातात आलेल्या सगळ्या पैशांचं बियाणं आणलं जातं. गावातल्या पिएरच्या दुकानात बटाटे ५० गोल्डला, केल नावाची पालेभाजी ७० ला, फुलकोबी ८० ला. बघता बघता शेतात साठ रोपं होतात. आता हिशेब करा: साठ रोपांना पाणी म्हणजे साधारण १२० ताकद, जवळजवळ निम्मी पट्टी. रोज. दुपार होईपर्यंत झारी खाली ठेवता येत नाही, मधे तळ्यावर जाऊन ती पुन्हा भरावी लागते आणि ज्या कंटाळ्यातून सुटायला खेळ घेतला तोच कंटाळा शेतात येऊन बसतो. खेळ अर्ध्यात सोडणारे बरेच जण इथे सोडतात.

पहिल्या वसंतात वीस-पंचवीस रोपं पुरेत. शेतीकामाचा अनुभव वाढेल तशा नव्या वस्तू बनवायला येतात. दुसऱ्या पातळीवर तुषार सिंचनाचा छोटा फवारा मिळतो. तो फक्त चार बाजूंच्या चार चौकोनांना पाणी देतो, त्यामुळे फार उपयोगाचा नाही. सहाव्या पातळीवरचा फवारा भोवतालच्या आठ चौकोनांना देतो आणि खरी सुटका तिथे होते. शेत वाढवायचं ते त्यानंतर.

रोपं थोडी असेपर्यंत कावळे फिरकत नाहीत. पंधराच्या पुढे गेलात की बुजगावणं उभं करा. ते पहिल्या पातळीवरच बनवता येतं आणि ते नसेल तर सकाळी एखादा चौकोन रिकामा सापडतो.

महिना २८ दिवसांचा आणि एक महिना म्हणजे एक ऋतू. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, झालं वर्ष. आपला पावसाळा यात नाही, हे खेळाच्या अमेरिकी-जपानी वळणाला धरूनच आहे. ऋतू बदलला की त्या ऋतूची पिकं एका रात्रीत वाळून जातात आणि या एका बाबतीत खेळ दयामाया दाखवत नाही. म्हणून बी घेताना पाकिटावरचे दिवस मोजा. फुलकोबीला १२ दिवस लागतात, म्हणजे १६ तारखेनंतर लावलेली हाती येणार नाही. घरातल्या भिंतीवर दिनदर्शिका नसते. ती पिएरच्या दुकानाबाहेर आहे, तिथे सणही लिहिलेले असतात आणि वाढदिवसही.

१३ तारखेला गावात अंड्यांचा सण असतो आणि तिथे स्ट्रॉबेरीचं बी १०० गोल्डला मिळतं. सण आटोपून घरी परतलं की रात्रीचे १० वाजलेले असतात, ते त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लावा. मग वसंत संपेपर्यंत दोन तोडे मिळतात. १६ तारखेनंतर लावलंत तर एकच. यासाठी थोडी जमीन दिवसाच उकरून ठेवलेली बरी.

आता मासेमारी. खेळाच्या दुसऱ्या दिवशी कोळी विली आपल्याला बांबूचा गळ देतो आणि बहुतेक नवख्यांची शांतता या गळाला लागूनच संपते. मासा लागला की एक उभी नळी दिसते. तिच्यात मासा वरखाली उड्या मारतो आणि आपल्याला एक हिरवी पट्टी त्याच्या मागे ठेवायची असते. बटण दाबलं की पट्टी वर, सोडलं की खाली. लोक बटण दाबून धरतात, पट्टी वर आपटते आणि मासा निसटतो. पतंगाला ढील देताना बोट जसं हलकं ठेवतो तसं इथे हलक्या हाताने टकटक करत राहावं लागतं. तरी जमत नसेल तर विलीच्या दुकानात २५ गोल्डला शिकाऊ गळ मिळतो. त्याला फक्त साधे मासे लागतात, पण हिरवी पट्टी लांब असते. त्याउपरही जमलं नाही तर मासेमारी सोडून द्या. तिच्यावाचून शेत चालतं.

पाचव्या दिवसापासून उत्तरेची खाण उघडते. तिथे तांबं आणि लोखंड मिळतं, पण खाली अंधारात प्राणी अंगावर येतात. तिच्यात १२० मजले आहेत आणि दर पाच मजल्यांनी लिफ्ट थांबते, त्यामुळे पाच मजले उतरून परत येणं हा एका दिवसाचा बेताचा पल्ला झाला. दुपारनंतर खाली जाऊ नका. रात्री २ वाजेपर्यंत घरी येऊन झोपला नाहीत तर आपण जागीच कोसळतो आणि खिशातले काही पैसे जातात.

गावात तीसेक माणसं आहेत. प्रत्येकाची रोजची ये-जा ठरलेली, आवडीनिवडी ठरलेल्या. आठवड्यातून दोनदा भेट देता येते आणि वाढदिवसाला दिलेली भेट आठपट मोलाची धरली जाते. पिएरचं दुकान बुधवारी बंद असतं. हे न कळल्याने सगळेच एकदा तरी बंद दारावर जाऊन येतात. कोंबड्या घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. त्यांना खायला मिळालं नाही तर त्या रुसतात, अंडं देत नाहीत, पण उपासाने मरत नाहीत. मात्र कोंबडी बाहेर असताना खुराड्याचं दार लावून झोपू नका.

एवढं सगळं कळलं की पुढचा धोका सुरू होतो आणि तो हुशार माणसांनाच जास्त असतो. इंटरनेटवर या खेळाची प्रत्येक संख्या मिळते: कुठलं पीक दर दिवशी किती देतं, कोणाला काय आवडतं, कुठला मासा कोणत्या वेळी. मग आपण एक्सेलचा तक्ता उघडतो. तिसऱ्या आठवड्यात आपण शेत करत नसतो, आपण एका छोट्या कंपनीचे लेखापाल झालेलो असतो आणि आजोबांच्या पत्राआधी जिथे बसलो होतो तिथेच परत बसलेलो असतो. माहिती अडलं तरच बघा. चुकीचं पीक लावलं तरी खेळ हरता येत नाही. कर्ज नाही, जप्ती नाही, शेत कोणी काढून घेत नाही. आजोबा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येऊन कामाचं मोल करतात, पण त्यांचा कौल मनासारखा लागला नाही तर पुन्हा विचारता येतो.

दुसरा धोका झोपेचा, म्हणजे आपल्या. खेळ जतन होतो तो आपला शेतकरी झोपला की. संगणकावर दिवस अर्धवट सोडला तर तो पुसला जातो. आणि झोपून उठलं की लगेच सकाळ, अंगणात काहीतरी पिकलेलं. ‘आता एवढं काढून झोपतो’ म्हणणाऱ्याचे १४ मिनिटांचे किती दिवस गेले ते घरच्या घड्याळात दोन वाजल्यावर कळतं. याला एकच उपाय लागू पडतो: हिशेबाचा पडदा संपून नवी सकाळ उगवली की शेतकऱ्याला घराबाहेर काढू नका, तिथूनच खेळ बंद करा. दार उघडलंत की गेलात.

दोघांनी मिळून खेळायची सोय २०१८ पासून आहे, पण त्यात घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही. एकाला सगळं शेत नीट ओळीत हवं असतं आणि दुसऱ्याला झाडं लावायची असतात. घरात आधीच वाद कमी असतील तर हा मार्ग धरा.

या खेळाचा स्वभाव जुळला नाही तर शेतीचे आणखी खेळ आहेत. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ २००८ पासून निघतो. त्यात गोष्ट नाही, गाव नाही. खऱ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर घेऊन शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरत जायचं. ज्यांचं गाडी चालवताना डोकं रिकामं होतं त्यांना हा रुचतो. नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत भात आणि म्हशीही आल्या आहेत. तिथे मात्र भाव वरखाली होतात आणि कर्जही काढता येतं, म्हणून दमून आलेल्या माणसाला मी तो आधी सुचवणार नाही.

सुरुवात करायचीच असेल तर पहिला वसंत पार्सनिप, थोडे बटाटे आणि १३ तारखेची स्ट्रॉबेरी एवढ्यावर काढा. २८ तारखेला झोपताना हातात काही पैसे राखून ठेवा. उन्हाळ्याच्या १ तारखेला पिएरकडे ब्लूबेरीचं बी ८० गोल्डला मिळतं. ते पहिल्याच दिवशी लावलं तर १३ दिवसांनी पहिला तोडा येतो आणि मग उन्हाळा संपेपर्यंत दर चार दिवसांनी एक.